जुन्या फोर बाय फोरमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल उगाच लागतंय? या चुका टाळा

पावसाळा लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या जुन्या फोर बाय फोर एकच तक्रार घेऊन येतात. सरळ कोरड्या रस्त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो, ब्रेकमधून करकर आवाज येतो आणि पिकअप जातो. आणि मालक बहुतेक वेळा एखादा सेन्सर आधीच बदलून आलेला असतो.

ट्रॅक्शन कंट्रोलचा मुख्य कारभार एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चार सेन्सरांवर चालतो; प्रत्येक सेन्सर एका चाकाचा वेग मोजतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतंय असं दिसलं की एबीएसचं कंट्रोल युनिट त्या चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनची ताकद कमी करतं. चाक खरंच घसरत नसेल, तर बहुतेक वेळा कुठल्या तरी चाकाचा आकडा चुकतोय. तो कुठल्या चाकाचा हे कळेपर्यंत एक नटही सोडू नका.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून लगेच सेन्सर मागवणे. कणकुंबीकडच्या एका काजू बागायतदाराची गाडी आली होती. चौकात थांबताना शेवटच्या काही फुटांत ब्रेक पेडल थरथरायचं आणि चोर्ला घाटात हळू चढताना गाडी दम सोडायची. कोडमध्ये पुढचं डावं चाक होतं, म्हणून एका ठिकाणी तो सेन्सर बदलला. दोन दिवसांत दिवा परत. दुसरीकडे वायरिंग नवं केलं. तिसरीकडे थेट एबीएसचं युनिट बदला म्हणाले. तो भाव ऐकून मालक गाडी विकायला निघाला होता.

आम्ही फक्त स्कॅनर लावून चारही चाकांच्या वेगाचा ग्राफ उघडला आणि मालकालाच सावकाश, सरळ गाडी चालवायला सांगितली. तीन रेघा एकत्र चालल्या होत्या. डाव्या पुढच्या चाकाची रेघ मात्र दर फेऱ्याला एकदा खाली पडत होती. सेन्सर मेला असता तर ती सपाट झाली असती. दर फेऱ्याला एकदाच पडतेय, म्हणजे दोष फिरणाऱ्या भागात. चाक काढलं, सेन्सर जिचे दाते मोजतो ती ॲक्सलवरची रिंग तारेच्या ब्रशने घासली, टॉर्च धरून हाताने हळूहळू फिरवली. एका जागी केसाएवढी चीर, आणि तिच्यात खानापूरची तांबडी माती घट्ट बसलेली. रिंगखाली गंज फुगला होता, त्याने ती तडकली होती. ॲक्सल उतरवून गंज खरवडला, नवी रिंग बसवली. युनिट जुनंच आहे आणि गाडी रोज घाट चढतेय. काढून टाकलेला सेन्सरसुद्धा चांगलाच असणार, याची मला खात्री आहे.

काही गाड्यांत अशी रिंग नसते, बेअरिंगच्या सीलमध्येच मॅग्नेटचा पट्टा असतो. बेअरिंग बसवताना पट्ट्याची बाजू उलटी बसली की सिग्नल गेलाच. बेअरिंग प्रेस करताना मेस्त्रीजवळ उभे राहा.

दुसरी चूक टायरची, आणि इथे मला खरंच राग येतो. एक टायर फाटला म्हणून एकच नवा घालायचा, तोही दुकानात जो मिळेल तो. २६५/६५ आर १७ च्या टायरचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर, २६५/७० चा साधारण ८०३. फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मोठा टायर कमी फेरे घेतो, म्हणून त्याच ॲक्सलवरचं दुसरं, चांगलं चाक युनिटला घसरल्यासारखं दिसतं आणि ब्रेक त्यालाच लागतो. साईज एकच असून एक टायर नवा आणि दुसरा झिजलेला असला, तरी दीड टक्क्याचा फरक पडू शकतो. फुल टाइम फोर व्हीलमध्ये, म्हणजे चारही चाकांना कायम ताकद जाते अशा गाडीत, हा फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शिअललाही सोसावा लागतो. मी सकाळी टायर थंड असताना चारींत सारखी हवा भरतो आणि टेपने घेर मोजतो. स्कॅनर त्यानंतर. या पाच मिनिटांचा कंटाळा करणाऱ्यांनी पुढच्या खर्चाची तक्रार करू नये.

स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. एबीएस वाचणाराच घ्या.

लिहून न घेता कोड पुसू नका.

स्टिअरिंगचं किंवा अलाइनमेंटचं काम झाल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर स्टिअरिंग किती वळलंय ते सांगणाऱ्या अँगल सेन्सरचं झीरो सेटिंग आधी करून घ्या.

दोन वायरचा प्रत्येक सेन्सर मीटर लावून ओहममध्ये मोजू नका. जुन्या कॉइलवाल्यांना ते चालतं, नव्या प्रकारच्या सेन्सरचं त्यात नुकसान होऊ शकतं.

पार्ट टाइम फोर व्हील, म्हणजे हवी तेव्हाच चारही चाकं जोडायची गाडी असेल, तर कोरड्या डांबरीवर फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून, चालवू नका. वळणात पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात.

आणि ते ट्रॅक्शन कंट्रोलचं ऑफ बटण. उसाच्या फडात, चिखलात गाडी रुतली की ते दाबणं बरोबरच आहे. पण दिवा छळतोय म्हणून बटण दाबून पावसात चोर्ला घाट उतरणं म्हणजे घरच्यांचा जीव पणाला लावणं. असं करणारा दिसला की मी तोंडावर सांगतो.

काम झाल्यावर मोकळ्या मैदानात ग्राफ उघडा ठेवून आधी सरळ, मग डावीकडे, मग उजवीकडे सावकाश गाडी फिरवा. सरळ जाताना चारही रेघा एकत्र यायला हव्यात. वळणात बाहेरच्या चाकांचा आकडा जास्तच दिसणार, तो दोष धरू नका.