कोकण किनाऱ्यावर शिडाची बोट: रात्रीचा नांगर कुठे आणि कसा टाकावा

मुंबईहून शिडाच्या लहान बोटीने दक्षिणेकडे निघणाऱ्याने दिवसाचा मार्ग आखण्याआधी रात्रीची जागा ठरवावी. किती मैल जायचे हे आधी ठरवून संध्याकाळी मिळेल तिथे थांबणे या किनाऱ्यावर धोक्याचे आहे, कारण कोकणाचा किनारा पश्चिमेला उघडा असून खरा आडोसा फक्त खाड्यांच्या आत आणि डोंगरी टोकांच्या मागे मिळतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या प्रवासाचा उत्तम काळ आहे. या दिवसांत दुपारी वायव्येकडून समुद्रावरचा खारा वारा जोर धरतो, सूर्यास्तानंतर तो पडतो आणि उत्तररात्री जमिनीवरून मतलई सुटते. जागा पारखताना हे दोन्ही वारे लक्षात घ्यावेत. वायव्येला तोंड असलेल्या उपसागरात वारा पडल्यावरही लाटांची उसळी येतच राहते आणि बोट रात्रभर आडवी डोलत राहते. म्हणून नकाशावर जवळ दिसणाऱ्या उघड्या उपसागरापेक्षा तासभर पुढची खाडी मला नेहमीच अधिक योग्य वाटते.

अंतराचा अंदाज घेणे येथे सोपे आहे. किनारा बराचसा उत्तर-दक्षिण असल्याने अक्षांशातला एक मिनिटाचा फरक म्हणजे जवळपास एक सागरी मैल धरता येतो. रत्नागिरी १६ अंश ५९ मिनिटांच्या आसपास आहे आणि विजयदुर्ग १६ अंश ३३ मिनिटांच्या आसपास, म्हणजे मधले अंतर सुमारे २६ सागरी मैल. ताशी चार-पाच मैलांनी त्याला पाच ते साडेसहा तास लागतात, त्यामुळे सकाळी लवकर निघाल्यास दुपारी चारपर्यंत खाडीच्या मुखाशी पोहोचता येते. त्या वेळी सूर्य पाठीशी असतो आणि पूर्वेकडे आत शिरताना उथळ पाणी, खडक व जाळ्यांचे बोये स्पष्ट दिसतात. अंधारात अनोळखी खाडीत शिरू नये. मुखाशी लावलेली डोल जाळी (प्रवाहात बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) रात्री अजिबात दिसत नाहीत आणि ती फाटली तर एखाद्या कुटुंबाचे मोठे नुकसान होते.

मुखाशी वाळूचा दांडा असेल तर भरती चढत असतानाच आत जावे, म्हणजे बोट रुतली तरी वाढते पाणी तिला उचलते. ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर पडत असताना दांड्यावर लाटा फुटतात, तेव्हा बाहेरच थांबणे शहाणपणाचे असते. विजयदुर्गाला वाघोटन खाडीत किल्ल्याच्या पूर्वेकडे चांगला आडोसा मिळतो, मात्र किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली जुनी दगडी भिंत असल्याने त्या बाजूने जवळून जाऊ नये. शास्त्री नदीच्या मुखाशी असलेल्या जयगडलाही आत निवारा आहे. तिथे मोठ्या जहाजांचा मार्ग पूर्ण मोकळा ठेवावा. मालवणच्या खडकांतून मात्र स्थानिक तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, मार्गदर्शनाशिवाय बोट नेऊ नये.

नांगर टाकण्यापूर्वी भरतीचे कोष्टक पाहावे. उधाणाच्या दिवशी मुंबईला पाण्यातला फरक चार मीटरांहून अधिक असतो, गोव्यापर्यंत तो दोन मीटरांच्या आसपास येतो. समजा नांगर टाकताना खोली ४ मीटर आहे, पाणी अजून २ मीटर चढणार आहे आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून १ मीटर उंच आहे, तर हिशेब ७ मीटरांचा होतो आणि त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी सोडावी लागते. साखळीऐवजी मुख्यतः दोर असेल तर सातपट धरावे. चढणारे पाणी विसरून २५ मीटरच सोडले, तर पूर्ण भरतीला ते प्रमाण साडेतीनपटीवर येते आणि नांगर उचलला जाऊ लागतो. तळ चिखलाचा असल्यास पकड चांगली बसते; खडकाळ तळ टाळावा.

नाळ वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे, जो प्रबळ असेल त्याकडे, वळवावी, बोट पूर्ण थांबल्यावर नांगर सावकाश सोडावा, बोट मागे सरकत असताना साखळी द्यावी आणि शेवटी इंजिन मागे चालवून पकड तपासावी. किनाऱ्यावरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धरून त्या सरकत नाहीत ना, हे किमान पंधरा मिनिटे पाहावे. खाडीत प्रवाह दिवसातून चार वेळा उलटतो आणि मतलई सुटली की बोट आणखी एकदा फिरते, म्हणून सोडलेल्या साखळीएवढे आणि बोटीच्या लांबीएवढे अंतर सर्व दिशांनी मोकळे हवे. पाणी उलटण्याच्या वेळेचा गजर लावून उठणे मला आवश्यक वाटते, कारण नांगर बहुधा त्याच वेळी सुटतो. डोलकाठीवर सर्व दिशांनी दिसणारा पांढरा दिवा रात्रभर तेवत ठेवावा. व्हीएचएफ या सागरी रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर कान ठेवावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांना माहीत असावा.

पहाटे मतलई वाहत असतानाच नांगर काढावा, कारण ती बोटीला खाडीबाहेर सहज नेते आणि त्या वेळी पश्चिमेकडे जाताना उगवता सूर्यही पाठीशीच असतो.