सोलापूर विद्यापीठाच्या क्विझ टीमचा इतिहास लिहायचाय? मग असं करा

दोन वर्षं झाली, मी आपल्या विद्यापीठाच्या क्विझ टीमची माहिती गोळा करतोय. तुमच्या कॉलेजात कुणी हे काम हातात घेणार असेल तर आधीच सांगतो, ट्रॉफ्यांच्या मागं लागू नका, प्रश्न शोधा. ट्रॉफीवर नंबर आणि साल एवढंच असतं, पण कुठला प्रश्न कुणी मारला आणि कुठं अडकले हे कळलं की ती पोरं डोळ्यासमोर उभी राहतात.

सुरुवात सर्टिफिकेटपासून. त्याच्यावर विद्यापीठाचं नाव काय छापलंय ते नीट बघा. आपलं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं, त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं होती, म्हणून ९० च्या दशकातले एखादे सर म्हणाले की मी युनिव्हर्सिटीकडून खेळलो तर त्यांचा निकाल कोल्हापूरच्या रेकॉर्डमध्ये शोधायचा, केगावला, म्हणजे आपल्या विद्यापीठात, हेलपाटे मारून सापडणार नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव असेल तर कागद २०१९ किंवा नंतरचा.

टीम तिघांची असते. आधी लेखी फेरी, त्यातून निवडलेल्या टीम स्टेजवर. युवा महोत्सवातून पुढं एआययूच्या (भारतीय विद्यापीठांची संघटना) पश्चिम विभागाला, तिथून नॅशनलला. हा रस्ता माहीत असला की कुठल्या टप्प्याचा कागद हातात आलाय ते लगेच कळतं.

आता खरी मजा. जुन्या वह्यांवर तारीख नसतेच, पण उत्तरं तारीख सांगतात! मला एका घरी माळ्यावरच्या ट्रंकेत लाल कापडी बांधणीची हिशोबाची वही मिळाली, समासात डायरेक्टला (थेट आपल्या टीमला आलेला प्रश्न) बरोबरची खूण आणि बाउन्सला (दुसऱ्या टीमला न आल्यामुळं आपल्याकडं आलेला) गोल. सगळे म्हणाले ही सोलापूर विद्यापीठाच्या पहिल्या टीमची. मी उत्तरं वाचत गेलो. देशात राज्यं किती, २८. म्हणजे नोव्हेंबर २००० नंतरची (किंवा २०१९ नंतरची, कारण मधे तेलंगणामुळं २९ होती). सूर्यमाला, ग्रह ९. प्लूटोला ऑगस्ट २००६ मध्ये काढलं, म्हणजे त्याच्या आधीची. मुख्यमंत्री कोण, तर आपले सुशीलकुमार शिंदे, म्हणजे थेट २००३-०४. आणि लोकसभा अध्यक्ष मनोहर जोशी. जून २००४ मध्ये तिथं सोमनाथ चॅटर्जी आले, मग ही वही त्याच्या आधीची, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या काळातली! चार प्रश्नांत निकाल लागला. एका उत्तरावर कधीच विसंबू नका, तीन-चार जुळवा, कारण जुन्या पुस्तकातून उतरवलेले प्रश्न हमखास गंडवतात.

त्याच वहीत एका पानावर डॉ. कोटणीसांचा प्रश्न आहे, चीनमध्ये सेवा करताना १९४२ मध्ये वारलेले भारतीय डॉक्टर कोण. समोर फुली, आणि बारीक अक्षरात लिहिलंय 'येत होतं, बझर दाबला नाही'. सोलापुरात जन्मलेला माणूस आणि सोलापूरच्या टीमकडून सुटला. मी ते पान कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

जुन्या खेळाडूंना फोन कराल तेव्हा 'अनुभव कसा होता' असं विचारू नका, सगळे छान होता म्हणतात आणि विषय संपतो. 'कुठला प्रश्न अजून छळतो' असं विचारा, माणूस अर्धा तास बोलतो, शेजारी कोण बसलं होतं, बझर म्हणून बेलची बटणं कुणी जोडून आणली, सगळं निघतं. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. आणि फक्त शहरात फिरू नका, जिल्ह्यात तालुके ११ आहेत, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्याची पोरं पहाटेच्या एसटीनं यायची, त्यांची नावं सगळ्यात आधी गळतात.

कागद मिळाला की त्याच दिवशी फोटो काढा, उद्यावर टाकू नका. एका कॉलेजात मी 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणालो आणि तोवर रंगकामात कपाटातली सगळी रद्दी विकली होती. पाठीमागची बाजू पण काढा, स्कोअर बहुतेक तिथंच असतो. मूळ कागद मालकाला परत द्या, आणि फोटोच्या नावात गाव, व्यक्ती आणि अंदाजे साल टाका, म्हणजे पुढं कोण शोधायला बसेल त्याला ते लगेच सापडेल.