स्वतःला घडवताना थकून जायचे नसेल, तर या चुका टाळा

पहाटे साडेचारचा गजर, धावणे, ध्यान, दिवसभर ऑफिस, रात्री ऑनलाइन कोर्स आणि झोपण्यापूर्वी पुस्तकाची वीस पाने, असा दिनक्रम आखणारा माणूस दीड-दोन महिन्यांत कोलमडला, की त्याची चिकाटी कमी पडली असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते बहुतेक वेळा ते खरे नसते. नोकरीला निदान साप्ताहिक सुट्टी असते आणि रजेचा अर्ज करता येतो. स्वतःहून अंगावर घेतलेल्या कामाला यांपैकी काहीच नसल्यामुळे ते झोप, जेवण, गप्पा आणि रविवार हळूहळू गिळत जाते. चूक हिशेबात असते, आणि हिशेब दुरुस्त करता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची, तीन लक्षणे सांगितली: अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामावरून मन उडणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरतीच आहे आणि संघटना तिला आजार म्हणत नाही. तरीही स्वतःची तपासणी करायला ही तीन लक्षणे उपयोगी पडतात. त्यातल्या दुसऱ्याकडे आपले हमखास दुर्लक्ष होते. पेटी शिकायला आपण हौसेने सुरुवात केलेली असते, आणि काही आठवड्यांनी क्लासचा वार उजाडला की सर आजारी असतील तर बरे, असा विचार मनात येतो. तिथेच थांबून दिनक्रम तपासायला हवा.

झोपेतून वेळ काढणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. डोंबिवलीहून साडेसातला निघून रात्री आठला घरी परतणाऱ्या नोकरदाराने कोर्ससाठी बारापर्यंत जागायचे आणि व्यायामासाठी साडेचारला उठायचे ठरवले, तर त्याला साडेचार तास झोप मिळते. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञांच्या अमेरिकेतील दोन संघटनांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे सांगितले आहे. त्या मापाने या माणसाची रोज अडीच तासांची, म्हणजे सोमवार ते शनिवार १५ तासांची तूट होते, आणि ती रविवारी दुपारच्या झोपेने भरून निघत नाही. शिवाय दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत होत असल्यामुळे, ज्या कोर्ससाठी जागरण केले तोच डोक्यात टिकत नाही.

नवीन काही सुरू करण्याआधी एका साध्या मंगळवारचे चोवीस तास, जसे प्रत्यक्षात जातात तसे, कागदावर लिहून काढावेत आणि नव्या कामासाठी कशावर काट मारायची ते तिथेच ठरवावे. काट मारण्यासारखे काही सापडले नाही, तर ते काम सध्या सुरू करू नये. लोकलमध्ये बसायला मिळाल्यावर लागणारी डुलकीही या हिशेबात विश्रांती म्हणूनच धरावी. तिच्या जागी व्याख्याने ऐकण्याचा सल्ला वरचेवर दिला जातो, पण सहापेक्षा कमी तास झोपणाऱ्याने तो मुळीच मानू नये.

सगळे संकल्प एकाच दिवशी सुरू करणे

पाडव्याला किंवा १ जानेवारीला आहार, व्यायाम, वाचन, इंग्रजी आणि बचत असे सगळे एकदम सुरू केले, तर शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी, आणि ती आठवण न करता होऊ लागली की मगच दुसरी.

एकवीस दिवसांवर आणि न तुटलेल्या साखळीवर विश्वास ठेवणे

सवय २१ दिवसांत लागते हा समज एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असे त्याने १९६० मध्ये लिहिले होते. पहाटे उठण्याशी किंवा धावण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले, आणि माणसामाणसांत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. पाण्याचा ग्लास पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे बाविसाव्या दिवशीही उठणे जड जात असेल, तर त्यात आपले काही चुकलेले नसते.

याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हे फार दिलासादायक आहे, कारण अनेकांची गाडी चुकलेल्या दिवसामुळे घसरत नाही, तर तो दिवस भरून काढण्याच्या हट्टामुळे घसरते. ताप असताना जिमला जाणे किंवा बहिणीच्या लग्नात कोपऱ्यात बसून भाषेच्या अ‍ॅपवरचा धडा उरकणे, हे सगळे अ‍ॅपमधला सलग दिवसांचा आकडा शून्यावर येऊ नये म्हणून केले जाते. आकडा छळू लागला असेल, तर त्याची आठवण करून देणाऱ्या सूचना बंद कराव्यात आणि आठवड्यातून चार दिवस झाले तरी पुरे, असे माप ठेवावे.

विश्रांतीचेही काम करून टाकणे

फिरायला गेले तर पावले मोजायची, जेवताना पॉडकास्ट ऐकायचा, सुट्टीतही उपयोगी पुस्तकच वाचायचे, असे सुरू झाले की दिवसात रिकामा वेळ उरतच नाही. रोज अर्धा तास तरी असा असावा, ज्यातून काहीही निष्पन्न होण्याची अपेक्षा नाही. कट्ट्यावरच्या गप्पा त्यासाठी पुरेशा आहेत.

आधीच थकून गेला असाल तर

नवे वेळापत्रक आखू नये. दोन आठवडे फक्त झोप आणि जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात, बाकी सारे स्वेच्छेच्या यादीत टाकावे, आणि कोर्सची फी भरली आहे म्हणून तो ओढत राहू नये. एवढ्या विश्रांतीनंतरही थकवा हटत नसेल, तर त्याला आळस किंवा बर्नआउट न समजता डॉक्टरांकडे जावे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ यांतल्या बिघाडाने हुबेहूब असाच थकवा येतो, आणि शाकाहारी लोकांत बी-१२ ची कमतरता आपल्याकडे बरीच आढळते. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

बरे वाटू लागल्यावर सोडलेल्यांपैकी एकच गोष्ट परत घ्यावी, तीही पूर्वीच्या निम्म्या वेळाने, आणि महिनाभर तरी ती वाढवू नये.