युझू लावताय? मग या चुका टाळा

जपानात आलेला प्रत्येक बागवेडा पहिल्याच हिवाळ्यात युझू या लिंबाच्या कुळातल्या पिवळ्या फळाच्या वासावर भाळतो आणि चार फळांतल्या बिया कुंडीत खोचून मोकळा होतो. बिया ढिगाने निघतात, रुजतातही. पण इथे एक जुनी म्हण आहे: पीच आणि चेस्टनट तीन वर्षांत, पर्सिमन आठ वर्षांत आणि महामूर्ख युझू अठरा वर्षांत फळतो. कराताची या लिंबाच्याच कुळातल्या काटक झाडाच्या खुंटावरचं कलम तीन-चार वर्षांत फळू लागतं. तरी "बी लावून बघू की" म्हणणारे भेटतातच. बघा बापडे!

कलम आणलं म्हणजे सुटलात असंही नाही. टोकियोजवळच्या एका मराठी घरातून फोन आला: झाड जोमात आहे, पण दर हिवाळ्यात पानं गळतात. मी तिथेच चपापलो, कारण युझू बारमाही हिरवा. जाऊन पाहतो तर प्रत्येक पानाला बेलासारखी तीन दलं! वरचं कलम कधीच मेलं होतं आणि खालचा कराताची माजला होता. वहिनी त्यालाच इमानेइतबारे खत घालत होत्या. "फळं धरतील ना हो?" धरतील, लवदार आणि कडूजहर. युझूचं पान एकच असतं, देठाला रुंद पंख असलेलं. वसंतात पाणी घालताना मी कलमाच्या सांध्याखाली हात फिरवतो आणि कोवळे फुटवे अंगठ्यानेच मोडतो. मोठे झाले की कात्री लागते आणि आळसही येतो.

काटे लांब आणि टणक, म्हणून चामड्याचे हातमोजे हवेतच. फळ ओढून तोडू नका, देठ कापा. एका वर्षी झाड लगडलं तर फळं विरळ करा, नाहीतर पुढच्या वर्षी ते रुसतं.

स्वयंपाकातली मोठी चूक म्हणजे लिंबासारखा पिळायला घेणं. रस जेमतेम, सगळी मजा सालीत. पिवळी साल पातळ किसा, पांढरा भाग कडू लागतो. आणि उकळत्या रश्श्यात टाकू नका, वास उडून जातो. मी गॅस बंद करून, वाढताना घालतो. युझुकोशो, म्हणजे युझूचा तिखट-खारट ठेचा, करायचं तर हिरवी फळं उन्हाळ्याच्या अखेरीसच घ्या. ती साल, हिरवी मिरची आणि मीठ, बस्स. ते मिक्सरला लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. खलबत्ता असतो कशाला?

डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी युझू घालून आंघोळ करतात, तेव्हा फळं अख्खीच सोडा. कापून पिळलीत तर सालीच्या तेलाने अंग चुणचुणतं.