आधी-नंतरच्या रिपोर्टातला फरक खरा की उगंच, हे कसं तपासायचं

हिमोग्लोबिन १०.४ होतं, दीड महिना लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, आता ११ आलं. घरात सगळे खुश, गोळ्यांना गुण आला म्हणून. आला असेलही. पण या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही, कारण गोळी न खाता सुद्धा हिमोग्लोबिन एवढं वर-खाली होत असतं. घरातल्या फाईलीतला रिपोर्ट असो, नर्सिंगच्या पोरींचा प्रोजेक्ट असो, एमडीचा थीसिस असो नाहीतर शेळ्यांच्या खाद्याचा प्रयोग असो, सगळीकडं प्रश्न एकच असतो की काहीच केलं नसतं तर हा आकडा किती हलला असता? ते आधी काढायचं, मग फरकाकडं बघायचं. बहुतेक लोक हे उलटं करतात, फरक आधी बघतात आणि मग त्याला कारण शोधत बसतात.

मोजायच्या आधी: वेळ, जागा, मशीन एकच ठेवा

ही पायरी कंटाळवाणी आहे पण निम्मा घोळ इथंच होतो. पहिला रिपोर्ट लातूरच्या लॅबचा, दुसरा अंबाजोगाईचा, पहिल्या वेळी शिरेतून रक्त घेतलं, दुसऱ्या वेळी कॅम्पात बोटाला टोचून डिजिटल मशीनवर बघितलं, मग त्या दोन आकड्यांची वजाबाकी करून उपयोग काय? एकच लॅब, एकच पद्धत, शक्यतो सकाळची तीच वेळ. बीपी असेल तर आधी ५ मिनिटं टेकून शांत बसायचं, कफ दंडाच्या मापाचा पाहिजे, एक-दोन मिनिटं सोडून परत घ्यायचं आणि सरासरी लिहायची. दवाखान्याचा जिना चढून गेल्या गेल्या घेतलेलं बीपी हे जिन्याचं बीपी असतं.

आणि आपल्याकडं ऋतू विसरू नका. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ ला टेकतो, घामानं अंगातलं पाणी कमी होतं, रक्त घट्ट होतं, मग हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) दोन्ही थोडे चढलेले दिसू शकतात. बीपीचं उलट आहे, ते थंडीत जास्त आणि उन्हाळ्यात कमी. म्हणजे जानेवारीत आधीचं आणि मे मध्ये नंतरचं बीपी घेतलं तर काढा पाजा नाहीतर नुसतं पाणी पाजा, फरक दिसणारच.

किती दिवसांनी परत मोजायचं हे सुद्धा शरीरच ठरवतं. 'तीन महिन्याची शुगर' म्हणतात ती एचबीए१सी टेस्ट तांबड्या पेशीवर चिकटलेली साखर मोजते, आणि ती पेशी जगते साधारण १२० दिवस, म्हणून पंधरा दिवसांनी परत करून "काहीच फरक पडंना" म्हणण्यात अर्थ नाही. गंमत म्हणजे मध्येच लोहाची कमतरता भरून निघाली तर साखर तीच असताना सुद्धा हा आकडा हलू शकतो.

एका माणसाचा फरक: २.७७ चा हिशोब

समजा तुमच्याकडं एकाच माणसाचे दोन रिपोर्ट आहेत. यासाठी एक सोपं सूत्र आहे, हॅरिस आणि यासाका या दोघांनी १९८३ मध्ये मांडलेलं, मोठ्या लॅबवाल्यांना माहीत असतं पण पेशंटपर्यंत येत नाही. दोन गोष्टी लागतात. एक, निरोगी माणसाच्या शरीरात तो आकडा आपोआप किती टक्के हलतो. दोन, मशीन स्वतः किती टक्के चुकतं, याला लॅबवाले सीव्ही म्हणतात, विचारलं तर सांगतात, सांगायला का कू करत असतील तर लॅब बदला. दोन्ही टक्क्यांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं आणि २.७७ नं गुणायचं. हे २.७७ कुठून आलं? दोन रिपोर्ट आहेत, दोन्हीत चूक असते, म्हणून २ चं वर्गमूळ १.४१, आणि ९५ टक्के खात्री पाहिजे म्हणून १.९६, दोघांचा गुणाकार.

हिमोग्लोबिनचं करून बघू. शरीरात ते साधारण पावणेतीन-तीन टक्के हलतं, २.८ धरा. मशीनचं २ धरा. वर्ग ७.८४ आणि ४, बेरीज ११.८४, वर्गमूळ ३.४४, गुणिले २.७७ म्हणजे साडेनऊ टक्के. १०.४ चे साडेनऊ टक्के म्हणजे जवळपास १ ग्रॅम. म्हणजे १०.४ चं ११ होणं हे नुसत्या हलण्यात बसतं, ११.५ झालं असतं तर म्हणता आलं असतं की हो, खरंच वाढलं.

कोलेस्टेरॉलला शरीराचे ६ आणि मशीनचे ३ धरले तर उत्तर येतं साडेअठरा टक्के. २२० वरून १९५ आलं की लोक लसणाचं, मेथीचं, जवसाचं नाव घेतात, पण २२० ला किमान ४० नं तरी खाली यायला पाहिजे. ट्रायग्लिसराइडचं तर बोलूच नका, ते एकट्या शरीरातच साधारण २० टक्के हलतं, हिशोब केला की ५५ टक्क्यांच्या वर जातो! १८० चं १३० झालं तरी छातीठोक सांगता येत नाही. तीन महिन्याची शुगर मात्र शरीरात फार थोडी हलते, दीड टक्का धरा आणि मशीनचे अडीच, तर उत्तर ८ टक्के, म्हणजे ८.० चं ७.६ झालं तर अजून थांबा, ७.२ झालं तर शाबास.

याचा अर्थ फरक पडलाच नाही असा होत नाही बरं का. एवढ्यावरून कळत नाही, इतकाच अर्थ. आणखी एक-दोन रिपोर्ट त्याच दिशेनं गेले तर कळेल. या हिशोबावरून स्वतःच्या मनानं गोळ्या कमी-जास्त करू नका, तो डॉक्टरचा विषय आहे.

शरीर आपोआप हलतं यावरून आपल्याकडं एकेकाळी मोठं वादळ झालेलं आहे. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे, आकडेशास्त्रातला मोठा माणूस, रोमला एफएओमध्ये (संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना) संख्याशास्त्र विभाग सांभाळलेला. १९८२ मध्ये त्यांनी मार्गेन या पोषणतज्ज्ञासोबत मांडलं की एकाच माणसाचं खाणं आणि खर्च होणारी ऊर्जा आठवड्या-आठवड्याला आपोआप वर-खाली होते, म्हणून सरासरीच्या खाली दिसला की उपाशी असं मोजणं बरोबर नाही. वि. म. दांडेकरांसारख्या अर्थतज्ज्ञांनी कडाडून विरोध केला, कारण त्यातून भुकेल्यांची संख्या एकदम कमी दिसायला लागते. वाद कुणी जिंकला ते सोडा, पण धोरण ठरवताना सुद्धा हा प्रश्न टाळता येत नाही हे त्यातून दिसतं.

गटाचा अभ्यास: तिसरा कॉलम

आता समजा शाळेतल्या ८० पोरींना आठवड्याला लोहाची एक निळी गोळी द्यायची आणि तीन महिन्यांनी बघायचं. पालकांची लेखी संमती, एथिक्स कमिटी हे आधी. माणसांवर उपचाराचा प्रयोग असेल तर पहिला माणूस घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (अशा प्रयोगांची सरकारी नोंदवही) नोंदणी, भारतात २००९ पासून ती सक्तीची आहे.

एकटीच्या बाबतीत ०.४ ग्रॅमची वाढ काहीच सांगत नाही पण ८० जणींची सरासरी ०.४ नं वर गेली तर ती दिसते, कारण एकीचं उगंच चढलेलं दुसरीच्या उगंच उतरलेल्यानं कटतं. त्यासाठी प्रत्येक पोरीचा कोड नंबर दोन्ही वेळी तोच पाहिजे. एक्सेलमध्ये आधीचा कॉलम, नंतरचा कॉलम, आणि तिसरा कॉलम नंतर वजा आधी, सगळा अभ्यास त्या तिसऱ्या कॉलमचा. लई जण दोन कॉलम वेगवेगळ्या माणसांचे असल्यासारखे तपासतात, मग पोरी-पोरींमधला मूळचाच फरक मध्ये येतो आणि खरी वाढ त्यात बुडून जाते. एक्सेलच्या टी-टेस्टमध्ये (सरासरीतला फरक नुसता योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी टेस्ट) शेवटी प्रकार विचारतात, तिथं १ टाकायचं, १ म्हणजे जोडीचा. ही टेस्ट ज्यानं काढली तो गॉसेट, डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातला माणूस, १९०८ मध्ये त्यानं ती 'स्टुडंट' या टोपणनावानं छापली.

सगळ्यात मोठा फसवा: कमीवाल्यांनाच निवडणं

इथं जरा थांबा, कारण चांगले चांगले लोक इथं पडतात. कॅम्प लावला, ३०० पोरी तपासल्या, ज्यांचं १० च्या खाली आलं त्यांनाच अभ्यासात घेतलं. त्यातल्या काही जणी खरंच अशक्त असतात, पण काहींचं त्या दिवशी योगायोगानं खाली आलेलं असतं. परत मोजलं की त्या आपोआप वर येणार, गोळी द्या नाहीतर अंगारा लावा. गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८६ मध्ये आई-बाप आणि लेकरांच्या उंचीत हेच दाखवलं होतं, टोकाचं पुढच्या वेळी सरासरीकडं सरकतं. गावोगावच्या निम्म्या काढ्यांचं नाव यावरच चाललंय असं माझं मत आहे, माणूस दुखणं एकदम वाढलं की जातो, ते पुढं थोडं तरी उतरतंच.

उपाय दोन. निवड पहिल्या मोजणीवर करा पण 'आधी'चा आकडा म्हणून आठवड्यानं परत घेतलेली दुसरी मोजणी धरा. आणि तुलनेचा गट ठेवा, तशाच पोरी, तसंच मोजणं. अशक्त पोरींना गोळ्या नाकारायच्या नसतातच, म्हणून तुलनेत नेहमीचा उपचार विरुद्ध नेहमीचा उपचार अधिक आपली नवीन गोष्ट असं करायचं, आहारातली चिक्की म्हणा, मोबाईलवर आठवण म्हणा. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, बाईंच्या मर्जीनं नाही.

दोन गट असले की अजून एक खड्डा असतो. अ शाळेत ०.५ वाढ, पी-व्हॅल्यू (काहीच गुण नसताना नुसत्या योगायोगानं निदान एवढा फरक दिसायची शक्यता, ०.०५ च्या खाली आली की फरक खरा धरतात) ०.०३, ब शाळेत ०.३ वाढ, पी-व्हॅल्यू ०.०९, म्हणून लिहून टाकतात की अ मध्ये गुण आला, ब मध्ये नाही. अहो, दोघांमधला फरक ०.२ आहे, तो तपासला का? तोच तपासायचा असतो. २०११ मध्ये मेंदूशास्त्राच्या नामांकित जर्नलमधले लेख तपासले तेव्हा ही चूक करता येईल असे १५७ लेख निघाले, त्यातल्या ७९ मध्ये ती केलेली होती.

गळती आणि जुळे

बीड, धारूर, केज, पाथरी भागात अभ्यास असेल तर कॅलेंडर आधी बघा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या उसाला निघतात, लेकरंही सोबत जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. सप्टेंबरला आधीचं आणि जानेवारीला नंतरचं घ्यायचं ठरवलं तर गेलेल्या पोरी मिळणारच नाहीत, आणि त्याच बहुतेक जास्त अशक्त. उरलेल्यांची सरासरी वाढलेली दिसेल, कुणाच्याही अंगात रक्त न वाढता. म्हणून शाळा उघडली की जूनमध्ये सुरू आणि सप्टेंबरमध्ये शेवट. तरी गळती झालीच तर गेलेल्यांचे पहिले आकडे आणि राहिलेल्यांचे पहिले आकडे शेजारी ठेवून दाखवा.

जनावरांवर काम करणाऱ्यांसाठी वेगळं. उस्मानाबादी शेळी जुळी देण्यासाठी प्रसिद्ध. १० शेळ्यांची २० करडं म्हणजे २० वेगळे नमुने नाहीत, एकाच आईचं दूध पिणारी दोन करडं सारखीच वाढणार. एकाच करडाचं ५ वेळा वजन केलं तरी ते ५ होत नाहीत. वजन सकाळी चारा-पाण्याच्या आधी करा, पोट भरलं की तेवढं वजन काट्यावर येतंच. अशा डेटाला मिक्स्ड मॉडेल (एका आईची, एका करडाची मोजमापं एकमेकांशी जोडलेली धरून हिशोब करायची पद्धत) लागतं, ते आकडेशास्त्राच्या माणसाकडून करून घ्या, पण प्रयोग करायच्या आधी त्याला भेटा, नंतर नाही.

निकाल लिहिताना

काय मोजून निकाल ठरवणार हे आधीच एका ओळीत लिहून ठेवा. हिमोग्लोबिन, वजन, बीपी, थकवा, हजेरी असं करत २० गोष्टी तपासल्या तर काहीच गुण नसताना सुद्धा निदान एकीची तरी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली यायची शक्यता, त्या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं तर, ६४ टक्के असते. मग तीच एक छापतात.

आणि पी-व्हॅल्यू एकटी लिहू नका. हजारो माणसं घेतली तर बीपीचा १ पॉइंटचा फरक सुद्धा ०.००१ दाखवेल, त्यानं एका पेशंटला काय फायदा? वाढ किती आणि ती कुठून कुठपर्यंत असू शकते ते लिहा. ८० पोरी, सरासरी वाढ ०.४ ग्रॅम, तिसऱ्या कॉलमचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ०.८ असेल तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे हाच कुठून कुठपर्यंतचा पट्टा, ०.२ ते ०.६ येतो. त्याच्याच खाली तुलनेच्या गटाची वाढ, दोन्ही गटांतला फरक त्याच्या इंटरव्हलसकट, किती पोरी सुरुवातीला होत्या, किती शेवटी सापडल्या, आणि १२ च्या खाली, म्हणजे रक्त कमी असलेल्या, आधी किती होत्या, आता किती.