टॅक्टिकल टॉर्च समुद्रावर नेताय? या चुका टाळा

टॅक्टिकल टॉर्च म्हणजे मजबूत धातूच्या बॉडीची, प्रखर हातटॉर्च. जाहिरातीत तिच्यावरून गाडी जाते, तिच्यावर हातोडीचे घाव बसतात, गच्चीवरून ती खाली फेकली जाते. हर्णै बंदराजवळच्या माझ्या दुकानात मात्र आपटून मेलेली टॉर्च क्वचितच येते. एक मीटरवरून काँक्रीटवर पडून चालू राहणं ही टॉर्चसाठीच्या एफएल-१ या मानकातली किमान पातळी आहे, बरी टॉर्च ती सहज पार करते. दुकानात येतात त्या मिठाने खाल्लेल्या, आणि त्यांतल्या बहुतेक नळाखाली वाचल्या असत्या.

वॉटरप्रूफ आहे म्हणून न धुणं

टॉर्च पाण्यात किती टिकते ते खोक्यावरचा आयपीएक्स आकडा सांगतो. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, खोली किती ते कंपनी सांगते. दोन्ही चाचण्या गोड्या पाण्यातल्या, आणि पाणी आत शिरतं का, एवढंच त्या बघतात. बाहेर वाळलेलं मीठ पुढे महिनाभर काय करतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

एका तांडेलाने चांगली महागाची टॉर्च आणली होती. बाजूला टाइप-सी चार्जिंग, त्यावर रबरी झाकण. चार्ज होत नाही एवढीच तक्रार. बॉडीला पोचासुद्धा नव्हता. झाकण उघडून भिंगाखाली बघितलं तर आत हिरवा चोथा, आणि पाच व्होल्टची पिन जागेवरच नाही. होडीवर ओल्या हाताने झाकण उघडायचं आणि केबल खुपसायची, हा त्यांचा रोजचा क्रम. खाऱ्या ओलाव्यातून वीज गेली की धातू विरघळतो, आणि पॉझिटिव्ह बाजूची पिन सगळ्यात आधी जाते. "दादा, खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय ना?" लिहिलंय, पण ते झाकण लावलेलं असतानाचं! त्यांना ते पटलं नाही. नवीन टॉर्च घेतानाही त्यांनी पोर्टवालीच मागितली. मग मीही वाद घातला नाही.

मी स्वतः पोर्ट नसलेली टॉर्च वापरतो. सेल काढून घरच्या चार्जरवर लावतो. समुद्रावरून आलो की टॉर्च बंद अवस्थेत, मागचं झाकण घट्ट आहे हे बघून, गोड्या पाण्याच्या बालदीत टाकतो. चहा होईपर्यंत ती तिथेच. मग जुन्या सुती फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवतो, आणि उघडायची ती पूर्ण सुकल्यावरच. क्लिप निघत असेल तर काढून तिच्याखालचं धुवा. स्टीलची क्लिप, ॲल्युमिनियमची बॉडी आणि मधे खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा (संरक्षक ऑक्साइडचा) थर टणक असतो खरा, पण क्लिपने जिथे ओरखडा पाडला तिथे पांढरी पावडर हमखास सापडते.

तापलेली टॉर्च पाण्यात बुडवणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. मे महिन्यात सुट्टीला आलेली पोरं खाडीत चिंबोऱ्या धरायला जातात. हातात नवी टॉर्च, त्यामुळे टर्बोखाली, म्हणजे सगळ्यात प्रखर मोडखाली, बोलणं नाही. तापल्यावर टॉर्च स्वतःहून प्रकाश कमी करते, ते तिच्या आणि तुमच्या भल्यासाठीच असतं. पण यांना धीर नाही, पुन्हा पुन्हा बटण दाबून टर्बो लावतात. धरवेनाशी झाली की "गार करू" म्हणून पाण्यात. आतली तापलेली हवा झटक्यात आकसते, दाब कमी होतो, आणि झाकणाच्या सांध्यात बसून एरवी पाणी अडवणाऱ्या ओ-रिंगच्या, म्हणजे रबरी कड्याच्या, कडेने थेंब आत ओढला जातो. काच आतून धुरकटते. मग घाबरून ते तिथेच, वाळूच्या हातांनी, मागचं झाकण उघडतात! रेती आट्यांत जाते, रिंग चिरते, आणि सकाळी माझ्या दुकानात "कंपनी फसवी आहे" हे ऐकायला मिळतं.

टर्बो लांबचं काही बघायला दोन मिनिटं मारायचा. चालण्यासाठी मधला मोड भरपूर होतो, पायाजवळ फुरसं आहे की काटकी, एवढं त्यात नीट दिसतं. तापलेली टॉर्च वाऱ्यावर धरा. वेळ लागतो, लागू द्या.

ओ-रिंगला खोबरेल

घरात असतं म्हणून लावतात. ते धुऊन जातं, उरतं ते चिकट होऊन रेती धरतं. इंजिनाचं ग्रीसही नको. बहुतेक टॉर्चच्या रिंगा नायट्राइल रबराच्या असतात, त्यांना सिलिकॉन ग्रीस चालतं. रिंग नुसती चकाकेल इतकंच लावा, बोटभर नको.

लुकलुकली की काचपेपर

प्रकाश फडफडतो तेव्हा दोष बहुधा एलईडीचा नसतो, मागच्या झाकणाच्या आट्या आणि कडा मळलेल्या असतात. तिथूनच वीज जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं फिरवा. काचपेपरने मुलामा जातो आणि मग गंज लवकर धरतो.

स्वस्त सेल

१८६५० आकाराच्या लिथियम सेलवर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलेलं दिसलं तर दुकानातून बाहेर पडा. या आकारात चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना, एक नवा कधीच नाही.

पावसाळ्याआधी सेल न काढणं

१ जूनला मासेमारी बंद होते, टॉर्च कोनाड्यात जाते आणि बंदी उठल्यावर आठवते. तोवर साधे अल्कलाइन सेल गळून नळीत घट्ट बसलेले असतात. काढून ठेवा, दुसरं काही करायचं नाही.

पिशवीत टॉर्च आपोआप लागणं

मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बऱ्याच टॉर्च बंदच राहतात. घरी, प्रवासात हे उत्तम. होडीवर मात्र नको, कारण पुन्हा आवळायला कुणाला आठवत नाही.

आणि खारं पाणी आत गेलंच तर

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. पाणी सुकेल, मीठ आतच राहील. लगेच सेल काढा, रिकामी नळी आणि झाकण गोड्या पाण्याने खळखळून धुवा, झटका, शक्य असेल तर अल्कोहोल फिरवा, आणि सावलीत दोन दिवस उघडं ठेवा. खाऱ्या पाण्यात भिजलेला लिथियम सेल, वरून कितीही कोरा दिसला तरी, पुन्हा चार्जरला लावायचा नाही. तो घराबाहेर, जाळ्या आणि डिझेलपासून लांब ठेवा, आणि ई-कचरा घेणारा आला की त्याच्याकडे द्या.