फोन लागतो पण रिंग येत नाही? लाईनमनला फोन करायच्या आधी हे बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांत लँडलाईन अजून टिकून आहे, ०२३३ चा जुना नंबर व्यापाऱ्यांच्या तोंडात बसलाय म्हणून कोण बंद करत नाही. आणि तक्रार ठरलेली, "अहो समोरच्याला रिंग ऐकू जाते पण आमच्यात वाजतच नाही."

पहिलं काम म्हणजे एक साधा, चालू असलेला फोन हातात घ्या, कॉर्डलेस नको. इपीएबीएक्सला (बाहेरची लाईन दुकानातल्या सगळ्या फोनना वाटणारा डबा) आलेली बाहेरची लाईन काढा, त्या लाईनला थेट हा फोन लावा आणि मोबाईलवरून त्या नंबरला कॉल करा. यात नीट वाजला तर दोष आतला, नाही वाजला तर बाहेरचा, निम्मं काम इथंच झालं.

बाहेरच्या दोषात सगळ्यात जास्त छळतो तो म्हणजे एकदा अर्धवट वाजून गप्प बसणारा फोन. वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी हमखास हे. होतं काय की तांब्याच्या लाईनवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि रिंगच्या वेळी त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, फोनमधला कपॅसिटर डीसी अडवतो आणि एसी तेवढा घंटीला जाऊ देतो. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की तिथून डीसी पण झिरपायला लागतो, मग एक्सचेंजला वाटतं रिसीव्हर उचलला आणि ते रिंग थांबवतं. सोबत खरखर असेल तर जॉइंटच बघा, भिंतीबाहेरचा टेप गुंडाळलेला आधी. आणि रिंग चालू असताना उघड्या वायरीला हात लावू नका, चांगला झटका बसतो, मी खाल्लाय.

आता आतला दोष. सगळेच फोन गप्प असतील तर वायरिंग उचकायच्या आधी इपीएबीएक्स नाईट मोडवर, म्हणजे दुकान बंद असताना कॉल दुसऱ्या ठरलेल्या फोनवर वळवायच्या सेटिंगवर, नाही ना ते बघा. एका दुकानात मी दोन तास क्रोन मॉड्यूल (वायरी जोडायची पट्टी) पंच करत बसलो आणि बाहेरचे कॉल आपले मागच्या बंद गोदामात वाजत होते, कुणीतरी शनिवारी जाताना नाईट मोड टाकलेला! दिवसा कॉल कुठल्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे आतल्या फोनवर, पडायचा ते प्रोग्रॅमिंगमध्ये असतं, ते तपासा. एकच एक्स्टेन्शन वाजत नसेल तर त्याचा फोन शेजारच्या टेबलावर नेऊन लावा, तिथं वाजला तर वायर नाहीतर पोर्ट. तिथंही नाही वाजला तर फोनच्या बुडाशी रिंगरचं बटण असतं ते बघा, पुसताना ऑफ झालेलं असतं, डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, रिंग बंद ठेवायची सोय) लागलंय का तेही. एका लाईनवर तीनचार फोन पॅरलल टांगले असतील तर रिंगची ताकद वाटली जाते, एकेक काढत जा.

एक भुताटकीची तक्रार पण येते, फोन ठेवला की लगेच वाजतो, उचलला तर कोणच नाही. यात भूत वगैरे काय नाही, ठेवताना हुक टिचकल्यासारखा दाबला जातो, इपीएबीएक्सला वाटतं कॉल होल्डवर टाकलाय, मग तो परत आठवण करून देतो. दाबून ठेवायचा आणि पुढचा कॉल करायच्या आधी दोन सेकंद थांबायचं, इपीएबीएक्समधलं फ्लॅश टायमिंग (हुक किती वेळ दाबला की होल्ड समजायचं ते) कमीजास्त करून पण सुटतं.

आणि तुमच्याकडं फायबर आला असेल तर वरचं पावसाचं पुराण विसरा, तिथं रिंग घरातला फायबरचा डबाच तयार करतो, त्यामुळे साधा फोन थेट डब्याच्या फोन पोर्टला लावून बघा. मात्र जुन्या वायरिंगला तो डबा जोडताना बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी तोडा, ती लटकत राहिली की पावसाळ्यात पुन्हा तेच रामायण.